बिनविस्तवाची भट्टी

दिवाळी दोन दिवसांवर आली आणि गुणाजीने दिलेला शब्द त्याच्याच दारात येऊन बसला.

शब्द गणपतीत दिला होता, आरती झाल्यावर, सगळ्यांच्या देखत, आणि तोही रागाच्या भरात. असा शब्द देणारा विसरतो, ऐकणारे कधी विसरत नाहीत. "नव्या भाताचा पयला घाणा त्या तुमच्या कपाटात नीट भाजून दाखवा," तो म्हणाला होता. "त्या दिशी मी माझ्या भट्टीचा विस्तव इझवीन. नाय जमला, तर कपाटात कोंबड्या ठेवायच्या आणि परत माझ्याम्होरं हा विषय काढायचा नाय." मोदकांचं ताट हातात धरून उभी असलेली मैना तेव्हा ताट घेऊन तशीच आत गेली होती. नवऱ्याचं ते वाक्य तिने पदराच्या गाठीला बांधून ठेवलं होतं, आणि त्यानंतर रोज सकाळी ती गाठ चाचपून बघत होती.

आजही ती उजाडायच्या आत गिरणीत आली. कासू स्टेशनच्या मागे, रुळांपासून दोन शेतं सोडून तिच्या सासूच्या, धोंडुबाईच्या नावाची ही पोह्यांची गिरणी. एका अंगाला जुनी भट्टी: मातीची, तुसावर जळणारी, छपरापर्यंत काळी झालेली. दुसऱ्या अंगाला ते कपाट. पत्र्याने मढवलेलं, माणसाहून उंच, आत नुसत्या विटा रचलेल्या. रोह्याच्या कारागिराने ते बनवलं आणि मैनाच्या नातीने, प्रणिताने, पायाशी बसून बनवून घेतलं. मैनाने दोन्ही तळवे त्या पत्र्याला टेकवले. कोमट होता, ताप उतरलेल्या पोराच्या कपाळासारखा. बाहेर शेतावर धुकं पडलं होतं, कापलेल्या भाताच्या धसांवर दव होतं, सूर्याचा पत्ता नव्हता, आणि या कपाटात कालचं ऊन अजून जागं होतं.

तिने पाठ टेकवली आणि डोळे मिटले. झालं, लगेच ती पेणच्या खाडीत पोचली. तिचा बाप हिरामण मिठागरात राबायचा. संध्याकाळी मीठ ओढून झालं की सहा-सात वर्षांची मैना मिठागराच्या बांधावर उताणी पडायची. वरून गार वारा सुटलेला असायचा आणि पाठीखालचा चिखल ऊन-ऊन लागायचा. "बाबा, दिवस तर बुडाला. मंग या चिखलान ऊन कुठशी आयला?" असं तिने एकदा विचारलं होतं. हिरामण फावडं धुता धुता म्हणाला होता, "ऊन कुठं जात नाय, पोरी. खाली जाऊन बसतं."

प्रणिताने पहिल्यांदा घरात हे सगळं समजावून सांगितलं, तेव्हा तिच्या बापाने, सुशीलने मान हलवली, आईने, अनिताने कपाळाला आठ्या घातल्या आणि गुणाजी उठून बाहेर गेला. एकट्या मैनाला ते ऐकता ऐकताच कळलं होतं. दिवसा छपरावरचे काळे पत्रे ऊन खातात, त्याची वीज होते, विजेने आतल्या तारा लाल होतात, तारांनी विटा तापतात. मग सूर्य बुडो की वीज जावो, विटा तापलेल्याच. पंखा लावला की त्यांच्यामधून गरम वारा निघतो आणि थेट भाताच्या पिंपात शिरतो. "आमच्या धाटावच्या कंपनीत अशी तीन मजली आहे, आजी," प्रणिता म्हणाली होती. "आख्ख्या रात्रपाळीची वाफ तिच्यावर निघते. कोळसा बंद." तीन मजली मिठागराचा बांध, असं मैनाने मनाशी चित्र काढलं आणि ती खूश झाली.

तिच्या पाठीमागे खोकला आला. गुणाजी आला होता.

तो नेहमीसारखा जुन्या भट्टीपाशी उकिडवा बसला आणि रात्री झाकलेल्या तुसाच्या राखेवर त्याने फावडी फिरवली. खालून लाल विस्तव उघडा पडला. एक्कावन्न वर्षं हा विस्तव विझला नव्हता. गुणाजीच्या आईने, धोंडुबाईने तो पेटवला, आणि रोज दिवेलागणीला त्यावर तुसाचं पांघरूण घालायचं, रोज पहाटे ते काढायचं, हा या घराचा नेम. घरात आलेल्या प्रत्येक सुनेने उंबरठ्याच्या आधी भट्टीपाशी यायचं, मूठभर तूस विस्तवात टाकायचा आणि सासू सांगेल ते म्हणायचं: "पोट भर, डोळं भरू नको." मैनाने म्हटलं, तिच्या सुनेने, अनिताने म्हटलं. विस्तवाने अर्धंच ऐकलं. पोटं भरली, पण डोळे भरायचे तो थांबला नाही, आणि गेल्या तीन वर्षांत तर तो गुणाजीच्या छातीत जाऊन बसला. पेणच्या डॉक्टरने फोटो उजेडावर धरून दाखवला होता. "बाबा, आणखी दोन हंगाम या धुरात बसलात, तर तिसरा बघणार नाही," असं त्याने सरळ सांगितलं. गुणाजीने फोटो परत पाकिटात घातला आणि घरी येऊन भट्टीत तूस टाकला.

मैनाला वीज नको होती, पत्रे नको होते, कंपनी नको होती. तिला तिसरा हंगाम हवा होता, बाकी काही नाही.

"काय हातबीत लावून बसलीस त्याला?" गुणाजीने न बघता विचारलं.

"ऊब लागते."

"ऊब लागते! अगो, जाळ नाय तिथं कसली ऊब? मेलेल्या जनावराला पन घटकाभर ऊब असते." आणि त्याला खोकल्याची उबळ आली. ती थांबेपर्यंत मैना श्वास धरून उभी राहिली.

दहाच्या सुमाराला जोह्याहून शांती आली. गुणाजीची थोरली बहीण, पंचाहत्तरीची, मुलाच्या टेम्पोतून, गणपतीच्या मूर्तींच्या जागी स्वतः बसून आलेली. मांडीवर भिजवलेल्या नव्या भाताचं गाठोडं. घरच्या प्रत्येक चुलीचं एक गाठोडं पहिल्या घाण्यात पडायचं आणि होतील ते पोहे दिवाळीला सगळ्यांनी वाटून न्यायचे, ही धोंडुबाईने घालून दिलेली रीत होती.

शांती टेम्पोतून उतरायच्या आधीच बोलायला लागली. "कुठं हाय ती बिनजाळाची भट्टी? बघू तरी. आये गेली तवा तिच्या चितेला इथला विस्तव नेला आमी, मडक्यातून. माझी चूल येगळी झाली तवा इथनंच नेला. आनि आता तुमी तो इझवनार? सुशील, तुला काय वाटतंय की नाय?"

सुशीलला पुष्कळ वाटत होतं, पण तो बापाच्या आणि लेकीच्या मधे सापडलेला माणूस. त्याने डोकं खाजवलं. "आत्या, शब्द बाबांनीच दिलाय. मी काय बोलणार?"

"तू कधी बोललायस?" शांती म्हणाली.

अनिताही लेकीच्या नाही, सासऱ्याच्या बाजूला होती. आज सगळी नातीच अशी उलटीपालटी होऊन बसली होती. पेणच्या बाजारात पोहे नेऊन विकायची ती, आणि तिला लेकीपेक्षा गिऱ्हाईक जास्त ठाऊक. "आपले पोहे लोक आधी वास घेतात नि मग घेतात," ती पिशव्यांना गाठी मारता मारता म्हणाली. "तो वास कुठून आणणार तुझं कपाट, प्रणिता?"

"आई, तो धुराचा वास आहे. भाताचा नाही."

"गिऱ्हाइकाला सांग जाऊन."

प्रणिता जागची उठली. सुट्टी काढून आली होती, तीन दिवस विटांवर नजर ठेवून बसली होती, डोळ्यांखाली काळं आलं होतं. ती शांतीला हाताला धरून कपाटापाशी घेऊन गेली. "जोह्याच्या आजी, हात तर लावा."

शांतीने हात लावला. मग दुसरा लावला. मग तिने वाकून खाली बघितलं, मागे जाऊन बघितलं, छपराकडे बघितलं. "धूर कुठनं जातो?"

"धूर नाहीच."

"काजळी?"

"काजळी कशाची येणार?"

शांतीच्या चेहऱ्यावरचा जोर हळूहळू ओसरला. जोह्याला तिच्या घरी दोनशे मूर्ती दर पावसाळ्यात वाळत नाहीत म्हणून रडत बसतात, हे सगळ्यांना माहीत होतं. शेगडी ठेवली तर काळ्या पडतात, दिवे लावले तर एका अंगानेच वाळतात. "श्रावणात चालंल का गो हा?" तिने आवाज खाली आणून विचारलं. "थोडं बारीक करून? मूर्त्यांच्या खोलीत?"

"शांते!" गुणाजी पलीकडून ओरडला.

"इचारते नुसती! इचारायला काय जातं?" शांती म्हणाली आणि कपाटाला टेकून बसली ती बसलीच. अशी ती अर्ध्या घटकेत भावाची होती ती नातीची झाली. गुणाजीने एक फावडी तूस जास्तच टाकला.

दुपारी सगळे जेवायला घरात गेले. मैना मागे राहिली. म्हणाली, गाठोडी निथळतायत, बघून येते.

आता जे तिने केलं, त्याला ज्याने त्याने हवं ते नाव द्यावं. तिच्या घरची रीत माहीत असेल तर ते चूक वाटणार नाही. या घराण्यात नवी चूल काडीने पेटवत नाहीत. थोरल्या चुलीचा विस्तव आणायचा, तोच नव्या चुलीत ठेवायचा. वीस वर्षांपूर्वी घरात गॅस आला तेव्हाही मैनाने चिमट्यात निखारा धरून शेगडी पेटवली होती, आणि जोडणी करायला आलेला माणूस ओरडत अंगणात पळाला होता. गावात अजून ती गोष्ट सांगून हसतात. पण तो गॅस कधी रुसला नाही, कधी कुणाला भाजला नाही, हेही मैनाने बघितलं होतं.

आणि हे कपाट! याच्यात विस्तवाचा कण नाही. न ओवाळता घरात घेतलेल्या नवरीसारखं ते कोपऱ्यात उभं. आज त्याची परीक्षा, आणि त्याला थोरलीचा आशीर्वाद नाही. नाही जमलं तर? गुणाजीला नुसतं निमित्त हवं होतं.

तिने खापरी घेतली, जुन्या भट्टीतले चार निखारे त्यात घेतले, ते जगावेत म्हणून वर दोन मुठी तूस टाकला. कपाटातून भाताच्या पिंपाकडे वारा नेणारी जाड नळी होती, तिला झाडलोट करायला एक छोटं दार होतं. प्रणिताने काल तिच्यादेखत उघडून दाखवलं होतं. मैनाने ते उघडलं, खापरी आत सरकवली आणि हात जोडले. "तुझीच लेक हाय ही, आत्याबाई," ती सासूला म्हणाली. मग नळीला म्हणाली, "पोट भर, डोळं भरू नको." दार लावलं. तिला इतकं हलकं वाटलं की जेवायला बसल्यावर तिने दोनदा भात मागून घेतला.

चार वाजता वरचे काळे पत्रे थकले. ऊन तिरकं झालं, रुळांच्या पलीकडे कुणी वालाच्या पेरणीसाठी नांगर धरला होता, त्याची सावली त्याच्या चौपट लांब पडली होती. गुणाजी हात मागे बांधून जुन्या भट्टीपाशी उभा राहिला. जवळ यायला तयार नव्हता. प्रणिताने पिंपात वाळू फिरवली, सगळी गाठोडी उघडून भात ओतलं, विटांच्या तापाचा आकडा बघितला आणि पंखा लावला.

तेवढ्यात वीज गेली.

"झाला!" गुणाजी म्हणाला. त्या एका शब्दात त्याचं सगळं वय हसलं.

पण पंखा थांबला नाही, पिंप थांबलं नाही. ती दोन्ही छोट्या बॅटरीवर होती. आणि विटांना विजेशी आता काही देणंघेणं नव्हतं. गरम वारा वाहत राहिला, वाळू सळसळत राहिली. कासू गावातल्या सगळ्या गिरण्या, टीव्ही, मिक्सर गप्प झाले आणि हे एकच कपाट हळू आवाजात बोलत राहिलं. सगळे तोंडं उघडी ठेवून बघत राहिले. मैनाला पाठीखाली बांधाचा चिखल लागला, बापाचं फावडं दिसलं, पाण्यात बुडालेला लाल दिवस दिसला. ऊन कुठं जात नाही. तिला वाटलं, झालं. जिंकलो.

मग अनिता म्हणाली, "जळल्याचा वास येतोय."

पिंपाच्या तोंडातून राखाडी धुराची एक बारीक रेघ निघाली. ती जाड झाली. प्रणिताने धावत जाऊन पंखा बंद केला, भात चाळणीवर ओतलं. दाणा न् दाणा राखेने माखलेला, मधे मधे जळक्या तुसाचे ठिपके. पाच मिनिटांनी वीज आली. सुशीलने त्यातलं दोन मुठी भात चपटं करायच्या मशिनात घालून बघितलं. पोहे निघाले ते ढगाच्या रंगाचे.

सगळ्यांनी वाकून बघितलं. मग सगळे एकदम बोलले.

"मी सांगत नव्हते?" अनिता म्हणाली, पण तिचा आवाज जिंकल्यासारखा नव्हता.

"आतली लोकर जळली बहुतेक," प्रणिता पांढऱ्या चेहऱ्याने म्हणाली. "विटांच्या बाहेरून, ऊब धरून ठेवायला लावलेली. माझंच चुकलं. मी आकडा जास्त ठेवला असणार."

"म्हंजे माझ्या मूर्त्या पन अशाच काळ्या झाल्या असत्या!" शांती कपाटापासून दूर सरली, आणि ती परत भावाची झाली.

गुणाजी हळूहळू चालत आला. त्याने चाळणीतलं चिमूटभर भात उचललं, नाकाशी नेलं, बोटांत चुरलं. मग त्याने मैनाकडे पाहिलं, अगदी क्षणभर, आणि नजर काढून घेतली. "कोंबड्या कुठल्या आनायच्या ते ठरवा," तो म्हणाला.

प्रणिताने पालथ्या हाताने नाक पुसलं. धोंडुबाईच्या राज्यात पहिला घाणा करपवला होता तेव्हा एकोणीस वर्षांच्या मैनाने असंच नाक पुसलं होतं. कुणी तिच्या बाजूने एक शब्द बोललं नव्हतं.

मैनाला कळत होतं, आता तोंड उघडलं तर काय होईल. वीस वर्षं गॅसची गोष्ट सांगून हसणारं गाव उद्यापासून ही गोष्ट सांगेल. पण ते सोसता येईल. गप्प राहिलं तर? गप्प राहिलं तर गुणाजी उद्या पहाटे उकिडवा बसेल, परवा बसेल, तिसऱ्या हंगामापर्यंत बसेल, आणि पोर जन्मभर समजेल की तिचं चुकलं.

"मीनी टाकला," ती म्हणाली. घाबरली की तिच्या तोंडात माहेरची बोली यायची. "इस्तव मीनी टाकला. त्या नळीन."

"काय?" सुशील म्हणाला.

"खापरीन घालून ठेवला. नवी भट्टी, बिनइस्तवाची कशी ठेवावी? आत्याबायचा इस्तव दिला मी तिला. चार निखारं. नि थोडा तूस." तिने नळीच्या दाराकडे बोट केलं. "पोरीचा काय चुकला नाय. तिच्या इटांचा काय चुकला नाय. मना वाटला, आशीर्वाद लागंल."

प्रणिताने नळीचं दार उघडलं. आत खापरी होती, काळी, निम्मी रिकामी. कुणाला हसावं की रडावं कळेना. पहिली हसली अनिता. ती पिशव्यांवरच बसली आणि तोंडाला पदर लावून हसत सुटली. "आई, गॅसनंतर हे! अहो, आई!" मग शांती हसली, सुशील हसला, प्रणिता रडता रडता हसली आणि आजीच्या गळ्यात पडली.

गुणाजी हसला नाही. तो जमिनीकडे बघत होता.

"मना ठाऊक व्हता," तो म्हणाला.

हसणं थांबलं.

"तो धूर माझा हाय. पन्नास वर्सं खाल्लाय मी, वळखनार नाय? नाकाला लावला तवाच कळला, हा माझ्या भट्टीचा तूस. लोकर नाय न् फिकर नाय." त्याला खोकला आला, यावेळी त्याने तो थांबेपर्यंत कुणाकडे पाठ केली नाही. "कळला, तरी मी कोंबड्या म्हटलो. पोरीला रडताना बघून पन म्हटलो. मैनानं येडेपना केलान, पन तो सांगितलान. मी शाना, मी गप ऱ्हायलो."

असं बोलणं त्याच्या तोंडून घरात कुणी ऐकलं नव्हतं. शांतीने भावाकडे असं पाहिलं जसं तो चार वर्षांचा असताना पाहत असेल.

"आजा," प्रणिता हळूच म्हणाली, "माझं भात आहे अजून. माझ्या वाटणीचं गाठोडं मी चाचणीला म्हणून अर्धं बाजूला ठेवलं होतं."

"मंग? दिवस बुडत आला. आता तुझी उनाची वीज कुठं हाय?"

"विटा आहेत ना."

नळी धुऊन, पिंप पुसून, वाळू बदलून होईपर्यंत सूर्य झाडांमागे गेला. शेतं निळी झाली. गुणाजी आता लांब उभा राहिला नाही. प्रणिता आकड्यापाशी गेली आणि म्हणाली, "ऊन मी सांभाळते, आजा. भात कधी काढायचं ते तुम्ही सांगा. ते मला नाही येत."

त्याने ते अर्धं गाठोडं पिंपात ओतलं आणि कान पिंपाच्या तोंडाशी नेला. आयुष्यभर त्याने हेच केलं होतं. भात आधी फुसफुसतं, मग एक दाणा तडकतो, मग दहा. त्या एका आणि दहाच्या मधे ते काढायचं. पण आयुष्यभर त्याच्या कानात जाळाचा आवाज होता, आणि अलीकडे स्वतःच्याच छातीची घरघर. आज जाळ नव्हता, धूर नव्हता. वाळू खाडीच्या ओहोटीसारखी मागेपुढे होत होती, आणि तिच्यात भात एकटं बोलत होतं. मैनाने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. डोळे मिटलेले, ओठ थोडे उघडे, जणू कुणी फार दिवसांनी त्याच्याशी मोकळं बोलत होतं.

"अजून नाय," तो पुटपुटला. "अजून नाय... थांब... आता! काढ!"

पोहे निघाले ते नव्या तांदळाच्या रंगाचे, पातळ, अखंड. अनिताने मूठ उचलून नाकाशी नेली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली. "वास येतो," ती शेवटी म्हणाली. "शेताचा येतो."

"श्रावणाआधी मना बारीक एक करून देशील ना गो?" शांतीने प्रणिताला विचारलं. तिची बाजू आता कायमची ठरली.

दिवेलागण झाली. विस्तवावर पांघरूण घालायची वेळ. गुणाजीने फावडी उचलली आणि सवयीने तुसाच्या ढिगाकडे वळला. सगळे हातातलं सोडून बघायला लागले. तो ढिगापाशी थांबला. मग रिकामी फावडी घेऊन भट्टीपाशी गेला, वाकला, आणि निखारे झाकायच्या ऐवजी त्याने ते एकेक करून अलग केले, वाऱ्यावर, उघड्यावर. असे ते घटकाभर फार सुंदर जळले. मग एकेक करून राखाडी होत गेले. फावडी त्याने खुंटीला उलटी टांगली.

"आयेचा विस्तव गेला रे, गुणा," शांती म्हणाली. तिचा आवाज कापत होता.

"गेला कुठं?" तो म्हणाला.

त्याने चाळणीकडे हात केला. त्या राखाडी, वाया गेलेल्या पहिल्या घाण्याकडे. सुशील ते भात गुरांना घालायला उचलणारच होता. "त्याला हात नको लावूस. मशिनात घाल सगळा. पयला घाणा पयला घाणाच."

अनिता घरातून ओलं खोबरं आणि गूळ घेऊन आली. ढगाच्या रंगाचे पोहे परातीत कालवले. गुणाजी जुन्या भट्टीकडे गेला नाही. कपाटापाशी आला, पाठ पत्र्याला टेकवून खाली बसला, आणि त्याने शेजारची जागा हाताने झाडली. मैना बसली. पाठीला ऊब लागली. त्यालाही लागली असणार, कारण तो तिथून सरकला नाही.

त्याने पहिला घास घेतला. धुराची, राखेची, एक्कावन्न वर्षांची चव. चावून चावून गिळला. मग दुसरा घास त्याने मैनापुढे धरला, सगळ्यांच्या देखत, या वयात.

"खा. आयेनं पोट भर म्हटलं व्हतं, भरलान बघ. आता या पोटातनं तो बाहेर जायचा नाय."

मैनाने घास घेतला. तिने कान दिला, सवयीने, त्याच्या छातीकडे. त्याचा श्वास आत गेला, बाहेर आला, मधे कुठे अडला नाही. गिरणीत धुराचा कण नव्हता. तरी तिचे डोळे भरून आले, आणि तिने ते पुसले नाहीत.